क्लच दाबला की खरखर बंद, साठच्या वेगाला घूंऽऽ: गिअरबॉक्स गेला का?

घाटवाट
नमस्कार मंडळी. तीन आठवडे डोक्याला भुंगा लागलाय, म्हणून हा धागा.

गाडी मागच्या चाकांवर चालणारी, पाच गिअरची मॅन्युअल. १,१८,००० किमी झालेत. क्लच प्लेट ७०,००० ला बदलली होती. आवाज दोन आहेत.

पहिला: गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, क्लचवर पाय नाही. अशा वेळी खालून खरखर येते, डब्यात चार खडे घालून हलवल्यासारखी. क्लच पूर्ण दाबला की गप्प.

दुसरा: ५० ते ६५ च्या वेगात घूंऽऽऽ असा सूर लागतो. अॅक्सिलरेटर हलका दाबून ठेवला की चढतो, पाय काढला की सूर बदलतो.

मेकॅनिकने गाडी दोन मिनिटं फिरवली आणि सांगितलं, "गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल." उतरवायला माझी ना नाही, पण आधी खात्री हवी. दोन्ही आवाज एकाच जागेचे असतील का? घरच्या घरी काय तपासता येईल?

तिसरा_गिअर
क्लच दाबल्यावर जातो ना? रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. माझ्या गाडीला अगदी हेच झालं होतं. बेअरिंग बदललं, आवाज गेला.

पाना_१०_११
तिसरा_गिअर, बहुतेक गाड्यांत हे नेमकं उलटं असतं. जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यांची गफलत होते.

गाडी न्यूट्रलला उभी आहे आणि क्लच सोडलेला आहे, तेव्हा चाकं थांबलेली असली तरी गिअरबॉक्स आतून थांबलेला नसतो. इंजिन क्लचमधून इनपुट शाफ्टला (गिअरबॉक्सात शिरणाऱ्या दांड्याला) फिरवतं, इनपुट शाफ्ट शेजारच्या काउंटर शाफ्टला फिरवतो आणि काउंटर शाफ्ट त्याच्याशी अडकलेल्या सगळ्या गिअरना मोकळं फिरवत राहतो. क्लच दाबला की हे सगळं एक-दोन सेकंदांत थांबतं. म्हणजे क्लच दाबल्यावर *बंद होणारा* आवाज थांबलेल्या भागांचा: इनपुट शाफ्टचं बेअरिंग, काउंटर शाफ्टची बेअरिंगं, किंवा मोकळ्या गिअरच्या दातांची खडखड.

रिलीज बेअरिंगवर भार येतो तो क्लच *दाबल्यावर*. ते खराब असेल तर दाबल्यावर आवाज सुरू होतो, सोडल्यावर जातो.

तिसरं म्हणजे पायलट बेअरिंग, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) टोकाशी इनपुट शाफ्टचं टोक धरून असतं ते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या पुष्कळ गाड्यांत ते नसतंच. क्लच सोडलेला असताना क्रँक आणि इनपुट शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे त्याला काही काम नसतं. गाडी उभी, पहिला गिअर टाकलेला, क्लच दाबलेला, अशा वेळी शाफ्ट थांबलेला आणि क्रँक फिरतोय. ते किरकिरतं तर तेव्हा.

घाटवाट, म्हणून आवाज *कसा* येतो यापेक्षा *कधी* येतो ते नीट टिपा. तुमचे दोन आवाज मला तरी दोन वेगळ्या जागांचे वाटतात. गिअरबॉक्स उतरवायची घाई करू नका.

तिसरा_गिअर
काका, तुम्ही म्हणता ते पुस्तकाप्रमाणे बरोबर. पण माझ्याकडे क्लचवर पाय नसतानाच सूंऽऽ यायचं, आणि नुसता पाय टेकवला तरी जायचं. बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर करकरत होतं, मी स्वतः पाहिलंय. मग?

पाना_१०_११
मग तुमचंही बरोबर, आणि माझं अर्धवट. आजकाल पुष्कळ गाड्यांत रिलीज बेअरिंग क्लचच्या प्रेशर प्लेटच्या बोटांवर (स्प्रिंगच्या पात्यांवर) कायम हलकं टेकलेलं असतं, मोकळी फट ठेवलेलीच नसते. पाय नसताना त्याच्यावर भार अगदी कमी, त्यामुळे झिजलेलं बेअरिंग घसरतं, थरथरतं आणि गातं. पाय टेकवला की भार येऊन ते बसतं.

त्यामुळे "क्लच दाबल्यावर जातो" एवढ्यावर थांबू नका, *किती दाबल्यावर* जातो तेही बघा. पेडल अगदी हळू खाली न्या. पहिल्या बोटभर अंतरातच आवाज गेला तर रिलीज बेअरिंगवर संशय. पेडल निम्म्याच्या आसपास, म्हणजे क्लच खरोखर सुटतो त्या जागी गेला, तर गिअरबॉक्सच्या आतलं काहीतरी. घाटवाट, ही चाचणी सगळ्यात आधी करा. दोन मिनिटांचं काम आहे.

शब्दवेडी
मला गाडीतलं फार कळत नाही, पण आवाजांची नावं वाचून राहवलं नाही. "कधी" महत्त्वाचं हे मान्य, तरी मराठीत "कसा" सांगायलाही केवढे शब्द आहेत! घरघर, खरखर, करकर, कुरकुर, कटकट, किणकिण, खडखड, गुणगुण, भुणभुण, टकटक. प्रत्येकाचा पोत वेगळा. यांतला कुठला आवाज कुठल्या भागाचा हे कोणी सांगेल का?

नटबोल्ट
शब्दवेडी ताई, आमच्या वर्कशॉपमध्ये खरंच हेच शब्द चालतात. माझ्या कानाने लावलेली यादी देतो, सगळ्यांना पटेलच असं नाही.

वळताना पुढच्या चाकातून *कटकटकट*: ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे सांधा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी काढली की स्पष्ट ऐकू येतो. रबरी बूट आधी फाटलेला असतो, ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला चिकटलेलं दिसतं.

अगदी हळू चालताना, चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाढणारं *चूं-चूं*: प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, सुका पडलाय. पुढे तोच क्रॉस गाडी हलताना एकदाच *ठक्* करायला लागतो.

गिअर टाकताना *खर्रर्र*, आणि ठरावीक गिअरलाच: त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर लागण्याआधी वेग जुळवणारी कडी). सगळ्याच गिअरला खर्र असेल तर आधी क्लच पूर्ण सुटतोय का ते बघा.

वेग वाढेल तशी चढत जाणारी *घरघर*: हब बेअरिंग (चाकाचं बेअरिंग) नाहीतर टायर.

एका सुरात, अॅक्सिलरेटरच्या इशाऱ्यावर चढउतरणारं *घूंऽऽ*: क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलमधली मोठ्या-लहान गिअरची जोडी. घाटवाटांचा दुसरा आवाज वाचल्यापासून मला तेच वाटतंय.

काजवा
नवीन आहे, गाडी शिकून चारच महिने झालेत. रिव्हर्समध्ये माझी गाडी मोठ्याने हुंऽऽऽ करते. वरचं सगळं वाचून घाबरलोय.

नटबोल्ट
काजवा, अजिबात घाबरू नका. पुढच्या गिअरचे दात तिरके कापलेले असतात, एक दात सुटायच्या आधी दुसरा लागलेला असतो, म्हणून ते शांत चालतात. रिव्हर्सचे दात बऱ्याच गाड्यांत सरळ असतात. ते एकदम लागतात, एकदम सुटतात, त्याचाच हा सूर. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोही नसतो, म्हणून क्लच दाबल्यावर दोन-तीन सेकंद थांबून मग गिअर टाका, खर्र होणार नाही.

काजवा
मनापासून धन्यवाद, दादा. थांबून टाकला. खर्र खरंच गेलं!

रानवाट
घरघर शब्द वाचला आणि जुनी जखम उघडली. माझ्या गाडीला ७० च्या पुढे घरघर होती. आधी पुढचं डावं हब बेअरिंग बदललं, मग उजवं. आवाज तसाच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी टायरवरून तळहात फिरवायला लावला. एका दिशेने हात गुळगुळीत जायचा, उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं लागायचं. टायरचे ठोकळे तिरके झिजले होते. त्यांनी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावले, आणि घरघर मागून यायला लागली! दोन्ही काढलेली बेअरिंगं चांगली होती, वाईट वाटलं त्याचं.

घाटवाट, त्यामुळे काहीही उघडायच्या आधी दोन गोष्टी करा. एक, रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्यावर आवाज बदलतो का बघा. बदलला तर टायर. दोन, मोकळ्या रस्त्यावर सावकाश डावी-उजवीकडे झोल द्या. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर.

अनवट
वाचतोय. सुंदर धागा, वाचनखूण साठवली.

भर घालतो. फिरणाऱ्या प्रत्येक भागाचा आवाज त्याच्या फेऱ्यांशी बांधलेला असतो, त्यामुळे थोडं गणित केलं तर कानावरचा भार हलका होतो. घाटवाट, तुमच्या टायरचा घेर आणि डिफरन्शियलचा रेशो कळेल का?

घाटवाट
सगळ्यांचे आभार. अनवट, खडूने खूण करून चाकाची एक फेरी मोजली: १.९ मीटर. रेशो पुस्तिकेत ४.१ दिलाय. नटबोल्ट म्हणतात ४१ आणि १० दातांची जोडी असणार.

चाचण्या काल केल्या. मुलगा शेजारी वही घेऊन बसला होता.

गाडी उभी, इंजिन गार: खरखर जवळजवळ नाही. अर्धा तास चालवून आल्यावर: भरपूर. पेडल हळू दाबलं तर पहिल्या बोटभरात काही फरक नाही, निम्म्याच्या जरा पुढे गेल्यावर बंद. म्हणजे रिलीज बेअरिंग निर्दोष सुटलं म्हणायचं.

घूंऽऽ: ६० ला तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या गिअरमध्ये सारखाच, सूरही तोच. ६० वरून न्यूट्रल करून गाडी सोडली तर कमी झाला पण गेला नाही. डावी-उजवीकडे झोल दिला, फरक नाही. डांबरी आणि काँक्रीट दोन्ही रस्त्यांवर तोच. उभ्या गाडीत इंजिन तेवढ्याच फेऱ्यांवर नेलं तर घूं अजिबात नाही.

पाना_१०_११
वा! मुलाला शाबासकी सांगा, असं टिपण मिळालं की निदान निम्मं झालं.

घूंऽऽ आधी घेतो. इंजिनाच्या फेऱ्या बदलल्या, गिअर बदलले, तरी त्याच वेगाला तोच सूर. म्हणजे तो इंजिनाचा नाही आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या भागाचाही नाही. तुमच्यासारख्या गाडीत चौथा गिअर बहुधा थेट असतो, इनपुट शाफ्ट सरळ मुख्य शाफ्टला जोडला जातो, काउंटर शाफ्ट भाराविना फिरतो. काउंटर शाफ्टच्या बेअरिंगचा दोष असता तर चौथ्यात शांत आणि तिसऱ्या-पाचव्यात आवाज, असं झालं असतं. वळणावर बदलत नाही, म्हणून हब बेअरिंगची शक्यता कमी. रस्त्याने बदलत नाही, म्हणून टायर नाही. उरतं गिअरबॉक्सचं मागचं टोक, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल. यातलं अॅक्सिलरेटरला असं उत्तर देतं ते डिफरन्शियल: दाबल्यावर क्राउनच्या दाताची एक बाजू भार घेते, सोडल्यावर दुसरी. पिनियनचं बेअरिंग सैल असेल तर भार फिरला की पिनियन जागेवरून किंचित सरकतो आणि सूर बदलतो.

आता खरखर. एक शेवटची गोष्ट बघा. इंजिन गरम, न्यूट्रल, आणि अॅक्सिलरेटर अगदी हलका दाबून फेऱ्या हजार-बाराशेवर न्या. खरखर सुराने *चढते* की *जाते*?

अनवट
आणि हे गणित. ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.६७ मीटर. भागिले १.९, म्हणजे चाकाच्या सेकंदाला साधारण ८.८ फेऱ्या. प्रत्येक फेरीत क्राउनचे ४१ दात पिनियनला लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ३६० ठोके. घूंऽऽ जर ३६० हर्ट्झच्या आसपास असेल, तर तो दातांचाच. फोनवर सूर मोजणारी अॅप मिळतात. फोन शेजारच्याच्या हातात द्या, चालवताना तुम्ही बघू नका.

तिसरा_गिअर
हे भन्नाट आहे. करून सांगा नक्की.

धुरळा
अवांतर: माझी गाडी आठवडाभर टकटक करते आणि मेकॅनिकच्या दारात उभी केली की गप्प. दाढ दुखते म्हणून दवाखान्यात जावं आणि खुर्चीत बसल्यावर दुखायची थांबावी, तसं. काही उपाय?

नटबोल्ट
धुरळा, गाडी आदल्या रात्रीच तिथे सोडून या. बरेच आवाज पूर्ण गार इंजिनावरच येतात, आणि तुम्ही चालवत नेता तोवर ते निघून जातात. गरम झाल्यावर येणारा आवाज असेल तर उलटं, मेकॅनिकला शेजारी बसवून चांगलं लांब फिरवून आणा. आणि घरून निघताना आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

चाकोरी
मी एक उपाय सांगते. गाडी जॅकवर चढवून मागची चाकं हवेत ठेवा, चौथा गिअर टाका आणि खाली जाऊन ऐका. कुठला आवाज कुठून येतो लगेच कळतं.

पाना_१०_११
चाकोरी ताई, हात जोडून सांगतो, हे जॅकवर कुणीही करू नका. गाडी जॅकवरून घसरली तर खालचा माणूस वाचत नाही. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक अडलं की दुसरं दुप्पट वेगाने फिरतं. मीटरवर ४० दिसेल आणि मोकळं चाक ८० च्या वेगाने फिरत असेल. ही तपासणी वर्कशॉपमध्ये नीट लिफ्टवर, माणूस बाजूला उभा राहून, लांब दांड्याच्या स्टेथोस्कोपने होते. घरी जमिनीवर उभी गाडी आणि मोकळा रस्ता एवढं पुरतं.

चाकोरी
बरोबर आहे तुमचं. दुप्पट वेगाचं माहीत नव्हतं. माझा वरचा सल्ला कुणी घेऊ नये.

घाटवाट
रविवारची बातमी.

खरखर: गरम इंजिनावर फेऱ्या हजारावर नेल्या की *गेली*. पाय काढला की परत आली. आणखी एक दिसलं, गरम झाल्यावर फेऱ्या ७०० च्याही खाली येतात. पुस्तिकेत ८५० लिहिलंय.

घूंऽऽ: मीटरवर ६० धरून मुलाने फोनवर मोजलं तर ३४५. अनवट, तुमचं ३६० चुकलं का?

अनवट
त्याच वेळचा जीपीएसचा वेग बघितलात का? गाड्यांचे मीटर थोडा जास्त वेग दाखवतात, ते तसेच बनवलेले असतात.

घाटवाट
मुलाच्या वहीत आहे! ५७ आणि ५८ च्या मध्ये.

अनवट
५७.५ धरा. सेकंदाला १५.९७ मीटर, ८.४ फेऱ्या, गुणिले ४१… बरोबर ३४५.

शब्दवेडी
अंगावर काटा आला! घूंऽऽ मध्ये एवढं सगळं लपलेलं असतं?

पाना_१०_११
आता खरखरीचंही कळलं. खराब बेअरिंगचा आवाज फेऱ्यांबरोबर चढतो, जात नाही. फेऱ्या वाढल्यावर जाते ती मोकळ्या गिअरच्या दातांची खडखड. हळू चालणारं इंजिन प्रत्येक स्फोटाला धक्का देतं, मधल्या वेळात मंदावतं, आणि मोकळे गिअर दातांच्या फटीत पुढेमागे आपटतात. इंजिन वेगात आलं की हे धक्के जवळजवळ येऊन मऊ होतात. गरम झाल्यावर ऑइल पातळ होतं, म्हणून तेव्हा जास्त. तुमच्या इंजिनाच्या फेऱ्या आधी ८५० वर आणून घ्या, बाकी नंतर.

नटबोल्ट
ऑइलचा विषय निघालाच आहे तर: गिअरबॉक्समध्ये पुस्तिकेत दिलेलंच घाला. जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) सांगितलं असेल तिथे "भारी असतं" म्हणून नुसतं जीएल-५ घालू नका. जीएल-५ हे मुळात डिफरन्शियलच्या दातांसाठी आहे. त्यातली जास्त दाब झेलणारी द्रव्यं काही ऑइलमध्ये पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत, आणि निसरडेपणामुळे सिंक्रोची पकडही कमी होते.

आणि डिफरन्शियलची पातळी बघायला गाडी सपाट जागी उभी करा. भरायच्या भोकाचा बोल्ट काढून करंगळी आत वाकवा, ऑइल भोकाच्या काठाशी लागलं पाहिजे.

घाटवाट
नटबोल्ट, करंगळी पूर्ण आत गेली आणि कोरडी बाहेर आली. पिनियनच्या सीलभोवती ओलसर काळा चिखल जमलाय.

नटबोल्ट
मग गाडी लांब नेऊ नका. ऑइल काढताना खालच्या बोल्टच्या चुंबकाकडे लक्ष द्या. राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ असेल तर ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारे चमकदार कण असतील तर उघडायलाच हवं.

घाटवाट
(बारा दिवसांनी)

काम झालं. चुंबकावर टोचणारे कण होते, चार-पाच अगदी माशाच्या खवल्यासारखे. उघडताना मी उभा होतो. पिनियनचं पुढचं बेअरिंग मेकॅनिकने माझ्या हातात दिलं. रोलरवर सुईने टोचल्यासारखे खड्डे होते, फिरवलं तर बोटांना ती घरघर जाणवत होती. सील कडक होऊन चिरलेलं. ऑइल तिथूनच गेलं. क्राउन-पिनियनचे दात मात्र शाबूत निघाले, थोडक्यात वाचले. पिनियनची दोन्ही बेअरिंगं, सील आणि दबणारी स्लीव्ह नवीन टाकली. दातांमधली फट डायल गेजने ०.१५ मिलिमीटरवर बसवली, दातांना रंग लावून ठसा कुठे पडतो तेही दाखवलं.

हवेच्या वाटेवर काजळी साचली होती, ती साफ केल्यावर इंजिन ८५० वर टिकतंय. खरखर नव्वद टक्के गेली. अगदी गरम झाल्यावर, खिडकी उघडून कान दिला तर थोडी ऐकू येते. गिअरबॉक्स उतरवला नाही.

गिअरबॉक्स गेला म्हणणाऱ्या मेकॅनिककडेच हे काम केलं. वही दाखवली तेव्हा त्याने पूर्ण वाचली, आणि स्वतःच म्हणाला की आधी डिफरन्शियल बघू.

पाना_१०_११
फार छान झालं. नवीन बेअरिंगं आहेत, पहिले काहीशे किलोमीटर एका वेगाला धरून पळवू नका, आणि हजार किमीला सील पुन्हा बघा. दहा-बारा किलोमीटर चालवून आल्यावर डिफरन्शियलच्या कवचाला क्षणभरच हात लावून बघा. कोमट ते गरम असणं ठीक, हात टेकवताच काढावा लागला तर लगेच दाखवा.

घाटवाट
आजच बघितलं काका. चौदा किलोमीटर चालवून आलो, हात आरामात ठेवता येतो. सील कोरडं आहे. ६० ला आता फक्त टायरचा आवाज येतो. मुलगा फोन घेऊन बसला होता, ३४५ ला काहीच दिसलं नाही.